सातवा हात

बंधारा दुसऱ्यांदा खचला तेव्हा बेनिल्दा कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. काठापासून नदीच्या मध्यापर्यंत बायांची रांग लागलेली. काठावरून दगड निघायचा आणि हातोहात पुढं जायचा. पुढच्या बाईला दगड द्यायला ती वळली आणि पायाखालची वाळू सळकन निसटली. आधी बांबूची तीन पायांची तिकाटणी कलली. मग केळीचे खुंट, पाला, चिखल, आठवडाभर रचलेले दगड, सगळं पोटात कळ आल्यासारखं वाकलं आणि गेलं. मधल्या तिकाटण्यावर पोर्फिरियो चढलेला होता. त्याची आरोळी आली, मग तो दिसेनासा झाला.

चौघांनी त्याला ओढून काठावर घेतलं. नडगीचं कातडं गुडघ्यापासून घोट्यापर्यंत सोललं होतं, आतलं पांढरं दिसत होतं. त्याची बायको इमांग नुसती त्याच्या तोंडावरचा चिखल पुसत बसली.

शंभर हात खाली पिवळं यंत्र खडी उपसतच होतं. त्याचा लोखंडी हात एकदाही थांबला नाही. चालवणाऱ्यानं मान वळवून इकडं बघितलं, सिगारेट पेटवली आणि पुढची बादली ट्रकमध्ये रिकामी केली.

बंधारा दर वर्षीच वाहून जायचा. तुफानाचे दिवस संपले की सांहेराची, म्हणजे पाटाच्या पाण्यावर जगणाऱ्या मंडळींची, तीसएक घरं नदीत उतरायची आणि तो पुन्हा बांधायची. त्यांच्या आजे-पणज्यांनीही हेच केलेलं. त्यात रडण्यासारखं काही नव्हतं, चार दिवस कंबर दुखायची इतकंच. पण या वर्षी यंत्रानं खाली एवढं खोल खणलं होतं की नदीचा तळच उतरला होता, आणि पाणी बंधारा पायाकडून पोखरत होतं.

सांहेराचा म्हातारा मुखिया फाउस्तिनो, ज्याला सगळे मानानं अपो म्हणायचे, पाण्यात वाकून काठीनं चाचपत होता. काठी हातभर आत गेली.

"पायाच खाल्लाय," तो म्हणाला. "वरनं कितीही दगड टाका. खाली पोकळ आहे."

मग इमांगनं मान वर केली आणि नेमकं बेनिल्दाकडं बघितलं. थोरल्या बाईला मनांग, थोरल्या गड्याला मनोंग म्हणायची तिथं रीत होती.

"मनांग, तुझ्या नवऱ्याला विचार की. तो बसतो ना तिथं खुर्चीवर पंख्याखाली. आमच्याकडं कोण बसलंय!"

बेनिल्दा वळली आणि घराकडं चालू लागली.

ती घरी आली तेव्हा तिचा नवरा सेवेरो पांढऱ्या सदऱ्याला इस्त्री करत होता. दर सोमवारी नगराच्या कौन्सिलची बैठक असायची आणि हा सदरा तो दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. लसणाच्या बियाण्याच्या जुड्या वर आढ्याला टांगलेल्या होत्या, पाण्याची वाट बघत. बेनिल्दा ओल्या कपड्यांनिशी दारात उभी राहिली. तिच्या पायांखाली पाणी साचलं.

"खणायची परवानगी कुणी दिली?"

"मेयरनं."

"एकट्यानं?"

"एकट्याला देता येत नाही. कौन्सिलची मंजुरी लागते."

"मग घेतली?"

इस्त्री थांबली. "घेतली."

"कधी?"

"यंत्र आल्यावर."

"म्हणजे आधी खणलं, मग विचारलं. आणि तू काय म्हणालास?"

सेवेरो कॉलरची घडी बसवू लागला.

"तोंडानं काही म्हणाला नसशील. हात वर केला असशील."

"सगळ्यांनीच केला," तो म्हणाला. "अगं, एकट्यानं खाली ठेवून काय होतं? मेयर रस्ता देतो म्हणालेत आपल्या पाड्याला. खडी त्यासाठीच तर..."

"यंत्राचा मालक फाबियान त्याचा मेहुणा आहे. खडी कुणासाठी ते मला शिकवू नकोस." तिचा आवाज चढला. "अपो फाउस्तिनोची जमीन कुठं आहे? सांग ना. पाटाच्या पार शेपटाला! मुखियाची जमीन शेपटालाच असते. सगळ्यांची शेतं भिजल्याशिवाय त्याच्या वाफ्यात थेंब पडत नाही, म्हणून म्हातारा रात्रंदिवस पाटाच्या कडेनं फिरतो. तुमच्या मेयरची जमीन कुठं आहे? उगमावर! त्याला कशाची काळजी? आम्ही तुम्हा दहा जणांना तिथं पाठवलं ते पाणी अडवायला पाटाला घालतात तशी त्याच्या तोंडाशी फळी घालायला. तुम्ही फळीच उचलून त्याच्या हातात दिलीत."

"हळू बोल. शेजारी ऐकतील."

"शेजारी नदीवर आहेत. पोर्फिरियोला खाटेवर घालून नेतायत."

सेवेरोनं इस्त्री उभी केली. सदऱ्यावर तिचा पिवळा डाग पडला होता. त्या रात्री दोघंही जेवली नाहीत.

शनिवारी मेयर दमासोच्या नातवाचा बाप्तिस्मा होता. कौन्सिलवाल्यांना निमंत्रण होतं आणि त्यांच्या बायकांना मागच्या अंगणात काम होतं. ते कुणी सांगत नसे, पण बायका आपल्या सुऱ्या घेऊनच जायच्या. बेनिल्दा भाताच्या कढईजवळ बसली. तिच्याशेजारी पाचिता शेवग्याचा पाला ओरबाडत होती. पाचिता स्वतः कौन्सिलमध्ये निवडून आलेली, बाजारात तिची पावाची भट्टी, तरी तिची जागा पुढच्या टेबलाशी नव्हती. बाईमाणूस म्हणून तीही मागेच.

बेनिल्दा भाताचं पातेलं घेऊन पुढच्या दाराशी आली तेव्हा मेयर पाहुण्यांशी बोलत होता. पाहुणे प्रांताच्या राजधानीचे, जाड अंगठ्यांचे. मेयरचं तोंड डुकराच्या चरबीनं चमकत होतं.

"आणि हा आमचा सेवेरो," तो म्हणाला. "माझ्या कौन्सिलातला सगळ्यात शहाणा माणूस. सेवेरो, हात!"

सेवेरो कसनुसं हसला.

"अरे हात! कौन्सिलात करतोस तसा."

सेवेरोनं हात खांद्यापर्यंत नेला.

"वर. अजून वर. लाजतोस काय नवरीसारखा?"

हात पूर्ण वर गेला. बगलेत घामाचं वर्तुळ दिसलं. पाहुणे खो खो हसले. एकानं टाळीही वाजवली. मेयरनं त्याला तसंच ठेवलं, पेल्यातली उसाची दारू संपेपर्यंत, आणि मग म्हणाला, "आता खाली. बघितलंत? तेलपाणी केलेलं यंत्र आहे."

बेनिल्दाच्या मागं पाचिता येऊन उभी राहिली होती. "चल," ती हळूच म्हणाली. "भात थंड होतोय."

बेनिल्दानं पातेलं तिथंच उंबऱ्यात ठेवलं आणि मागच्या दारानं चालू पडली. सुरीसुद्धा घेतली नाही. तंबाखूच्या रोपवाटिकेपाशी सेवेरोनं तिला गाठलं. तो पळत आला होता, पण जवळ आल्यावर बरोबरीनं चालायचं धाडस त्याला झालं नाही. चार पावलं मागून तो चालत राहिला.

"मी सोमवारी..." तो शेवटी म्हणाला.

"मला नको सांगूस. तिथं सांग."

सोमवारी त्यानं तिथं सांगितलं. बंधाऱ्याच्या खाली आणि वर, हाकेच्या टप्प्यात, नदीत कुणी खणायचं नाही, असा ठराव त्यानं मांडला. सहा हात वर आले आणि ठराव झाला. बुधवारी मेयरनं तो नाकारून परत पाठवला.

चिंचेखाली सांहेराची मंडळी बसली होती. सेवेरो उभा राहून सांगत होता.

"नाकारायचा हक्क त्याला आहे. कायद्यानं दिलाय."

"मग कशाला घसा कोरडा केलास?" खाटेवरून पोर्फिरियो म्हणाला. त्याच्या पायावर पाल्याचा लेप होता आणि माशा बसत होत्या.

"पण त्याचं नाही म्हणणं शेवटचं नाही, मनोंग. कौन्सिलनं पुन्हा हात वर केले आणि दहापैकी सात झाले, तर त्याला गिळावंच लागतं."

"तुझ्याकडं सहा आहेत."

"सहा आहेत."

"सातवा कुठनं आणणार? कुंभाराकडनं करून?"

बेनिल्दा उठली आणि तशीच बाजाराकडं गेली.

पाचिता भट्टीत लाकडं सारत होती. तिनं बेनिल्दाला बघितलं आणि आधीच मान हलवली.

"माझा धाकटा मेयरचा धर्मपुत्र आहे. हा ओटा नगराचा. उद्या मला उठवलं तर तुझा नवरा देणार दुसरा?"

"नाही देणार."

"मग?"

"मग काही नाही. पोर्फिरियोची नडगी बघून ये एकदा. आणि त्या दिवशी तू माझ्या मागं उभी होतीस. तो उद्या तुलाही हात वर करायला लावील, पाव वाढता वाढता."

पाचितानं पाटीतले दोन गरम पाव उचलून पुढं केले. बेनिल्दानं ते घेतले नाहीत. तिला भूक लागली होती, पण घेतले नाहीत.

बैठकीच्या दिवशी सांहेराची सगळी माणसं नगरभवनात गेली, नदीवरून थेट. दारावरच्या शिपायानं अडवलं. चिखलाचे पाय घेऊन आत जायचं नाही, नळावर धुऊन या. नळाला पाणी नव्हतं. अपो फाउस्तिनोनं आपला सदरा काढला, पायपुसण्यासारखा दारात अंथरला, त्यावर पाय पुसले आणि उघड्या अंगानं आत जाऊन बसला. त्याच्या मागून सगळ्यांनी त्याच सदऱ्यावर पाय पुसले. शिपाई बघत राहिला.

अध्यक्षाच्या खुर्चीत उपमेयर होनोरातो होता. जन्मभर गुरांचा डॉक्टर, काटकुळा, आवाज बारीक. त्यानं ठराव पुन्हा वाचायला घेतला तोच मागचं दार उघडलं आणि मेयर आत आला.

"हे काय चाललंय?" तो चालत थेट मधोमध आला. "मी नाकारलेलं पुन्हा वाचायचं? कुणी सांगितलं?"

"मेयरसाहेब," होनोरातो म्हणाला, "ही कौन्सिलची बैठक आहे. बोलायचं असेल तर परवानगी मागा. नाहीतर मागं बसा."

"ही इमारत मी बांधलीय, होनोरातो!"

"बांधलीत. आता बसा."

मेयरनं वळून बघितलं. मागच्या बाकांवर चिखलाची माणसं मांडीला मांडी लावून बसली होती. कुणी सरकलं नाही. बेनिल्दा त्याच्या अगदी समोर होती. तिनं गुडघे आणखी फाकवले. मेयर भिंतीशी उभा राहिला.

हात वर झाले. सेवेरोचा पहिला. तो या वेळी खांद्यापाशी अडखळला नाही. मग दुसरा, तिसरा, असे सहा. पाचिताचे हात मांडीवरच होते. ती टेबलाकडं बघत होती, आणि होनोरातो मोजणी जाहीर करायला तोंड उघडतच होता.

तेवढ्यात मेयरला राहवलं नाही. "पाचिता," तो भिंतीकडून गरजला, "ओटा कुणी दिलाय, विसरू नकोस!"

पाचितानं मान वर केली. तिचा चेहरा लालभडक झाला होता.

"मी विसरले असते, दमासो," ती म्हणाली. "तूच सगळ्यांदेखत आठवण करून दिलीस."

आणि तिनं हात वर केला. कोपराच्या वळीत अजून पीठ होतं.

मागच्या बाकांवर जो आवाज झाला त्याला ओरडणं म्हणता येणार नाही, इतक्या माणसांनी एकदम श्वास सोडल्याचा तो आवाज होता. मेयर दारापर्यंत गेला आणि वळला.

"कायदा तुमच्याकडं ठेवा," तो म्हणाला. "पोलीस माझ्याकडं आहेत."

दुसऱ्या दिवशी यंत्र आणखी वर सरकलं.

बेनिल्दाला वाटलं होतं, हात वर झाले म्हणजे झालं. ती काठावर उभी राहून बघत होती. एवढा आटापिटा, एवढे अपमान, आणि त्या लोखंडाच्या कानावर गेलंच नाही! सेवेरोशी ती त्या आठवड्यात सरळ एक शब्द बोलली नाही. होनोरातोनं वकील गाठून दिला. मंडळी भाताची पुरचुंडी आणि खारवलेले मासे बांधून जिल्ह्याच्या कोर्टात गेली.

न्यायाधीश बाई होती. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, सर्दी झालेली. मेयरचा वकील बराच वेळ बोलला. मेयर लोकांनी निवडलेला आहे, त्याच्या कामात कोर्टानं हात घालू नये, असं.

"कौन्सिलही लोकांनीच निवडलंय," बाई म्हणाल्या. "मला तर कुणीच निवडलेलं नाही. म्हणून मी माझ्या मनाचं काही सांगत नाही, कायदा काय सांगतो तेवढंच सांगते. खणणं बंद."

बेनिल्दा खूश होणार तोच बाईंचं बोट सांहेराच्या मंडळींकडं वळलं. "आणि तुम्ही. यंत्राला काडी लावलीत, माणसाला धक्का दिलात, तर याच खुर्चीतून तुम्हालाही बोलावीन. कळलं?"

कोर्टाचा बेलीफ एल्पिदियो हुकूम घेऊन मोटारसायकलवर आला. जाडा माणूस, धापा टाकत नदीत उतरला. हुकूम प्लास्टिकच्या पिशवीत होता. फाबियाननं तो हातात घेतला नाही. त्यानं चालवणाऱ्याला खूण केली. लोखंडी हात वळला आणि बादलीभर चिखल-खडी एल्पिदियोच्या पायाशी कोसळली. तो मागं पडला, गळ्यापर्यंत भिजला. पिशवी मात्र डोक्यावर धरलेली.

काठावर पोलीसप्रमुख एव्हारिस्तो जीपला टेकून उभा होता, हाताची घडी घालून.

"साहेब, मदत करा," एल्पिदियो ओरडला. "कोर्टाचा हुकूम आहे!"

"मेयरसाहेबांचा फोन येऊ दे," एव्हारिस्तो म्हणाला.

तेव्हा बेनिल्दाच्या डोळ्यांपुढं सगळं लाल झालं. ट्रकच्या मागं डिझेलचा डबा होता. तिनं तो उचलला. वीस लिटरचा डबा तिनं कसा उचलला ते तिचं तिलाही कळलं नाही. बाया मागं धावल्या, गड्यांनी फावडी घेतली. यंत्रापासून दहा पावलांवर सेवेरो तिच्या आडवा आला.

"हो बाजूला."

"ओत," तो म्हणाला. "ओत आणि पेटव. मेयर त्याचीच वाट बघतोय. मग एव्हारिस्तोला फोनची गरज लागणार नाही. आणि ती कोर्टातली बाई आपल्याला आत टाकील, आणि बरोबरच करील."

"आणि तोवर? ती हुकूम पाठवत बसणार आणि आम्ही इथं नडग्या सोलून घ्यायच्या?"

"हो," सेवेरो म्हणाला. "तोवर हेच."

तिनं डबा त्याच्या अंगावर फेकला. तो त्याच्या मांडीला लागून दगडांत पडला, झाकण उडालं, डिझेल भळाभळा गोट्यांत जिरलं. सेवेरो मांडी धरून खाली बसला. ती त्याच्याकडं न बघता पुढं गेली आणि लोखंडी बादलीच्या बरोबर समोर फतकल मारून बसली. इमांग तिच्याशेजारी बसली. मग बाकीच्या बाया. बादली त्यांच्या डोक्यांवर लोंबकळत राहिली, तिच्यातून गढूळ पाणी केसांत ठिबकत राहिलं. चालवणारा शेवटी यंत्र बंद करून उतरला. माणसावर बादली टाकायचा पगार त्याला मिळत नव्हता.

एल्पिदियोनं सदरा पिळला. "मी जे बघितलं ते न्यायाधीश बाईंना सांगतो," तो म्हणाला. "तेवढंच माझं काम."

बाया तिथंच बसून राहिल्या, पाळीपाळीनं. तिकडं न्यायाधीश बाईंनी एव्हारिस्तोला बोलावणं पाठवलं. हुकूम का पाळला नाही ते येऊन सांगा, आणि येताना चार दिवसांचे कपडे आणा. एव्हारिस्तो कपडे घेऊन कोर्टात गेला नाही. तो सकाळी नदीवर आला, यंत्रावर चढला आणि किल्ल्या काढून खिशात घातल्या. फाबियान शिव्या देत होता. एव्हारिस्तोनं त्याला जीपमध्ये बसवलं.

निघताना तो बेनिल्दापाशी थबकला. "मेयर माझी बदली करील."

"करू दे," ती म्हणाली. "आमचा एक हंगाम गेला. तू एक गाव बदल."

हंगाम खरोखरच गेला. कोर्टानं खड्डा भरून द्यायला लावला, पण फाबियानचे ट्रक आज येत, उद्या येत नसत. बंधारा तिसऱ्यांदा उभा राहिला तेव्हा लसणाची वेळ टळून गेली होती. आढ्यावरच्या जुड्यांना कोंब फुटून त्या सुकल्या. आता मूग पेरायचा, तोही मिळेल तेवढ्या पाण्यावर. पोर्फिरियो काठी घेऊन चालायला लागला. नदीत उतरणं त्याचं संपलं.

आणि सेवेरोचं नाव सगळ्यांच्या तोंडी झालं. पुढच्या निवडणुकीला मेयर म्हणून उभा राहा, असं होनोरातो म्हणाला, मग बाजारात चारजण म्हणाले. सेवेरो नदीवर यायचा, पण दुपारी, पांढरा सदरा आणि बूट घालून. काठावर उभा राहून कुठं कमी पडतंय ते सांगायचा. पाण्यात उतरायचा नाही. माणसं त्याला "अपो" म्हणायला लागली होती, त्याच्यापेक्षा वयानं मोठी माणसंसुद्धा. बेनिल्दा दगड देता देता ऐकायची.

पाणी पाटात शिरलं त्या सकाळी सगळे कडेनं चालत होते. पाणी थोडं होतं, म्हणून अपो फाउस्तिनोनं पाळ्या लावल्या होत्या. पहिली पोर्फिरियोची. बेनिल्दा खोरं घेऊन चालली होती. आपल्या शेताच्या वळणावर ती आली तर पाणी वळलेलं. तोंडाची फळी उचलून बांधावर ठेवलेली आणि त्यांच्या वाफ्यात पाणी पसरत होतं. सेवेरो तिथं उभा होता, बुटांनिशी.

"आपली पाळी परवा आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे. वाफा नुसता ओला करून घेतो. घटकाभर." तो हसला. "कुणी काही म्हणणार नाही."

खरंच कुणी काही म्हणत नव्हतं. मागं मंडळी येऊन उभी राहिली होती. इमांगनं बघितलं आणि नजर खाली घातली. अपो फाउस्तिनो काठीनं उगाच गवत टोकरत होता. ज्यानं मेयरला अडवलं त्याला घटकाभर पाण्यावरून कोण बोलणार?

बेनिल्दानं फळी उचलली.

"बेनिल्दा," तो दबक्या आवाजात म्हणाला. "लोक बघतायत."

"म्हणूनच आत्ता घालतेय."

तिनं फळी खाचेत उभी केली, खोऱ्यानं चिखल ओढला आणि टाचेनं तो दाबत राहिली, फटीतली शेवटची धार बंद होईपर्यंत. मग ती मागं वळली.

"अपो, याच्या नावावर दोन दिवसांचं काम लावा. पाण्यातलं."

म्हाताऱ्यानं सेवेरोकडं बघितलं. सेवेरोनं कुणाकडंच बघितलं नाही. पाणी फळीला धडकलं, फेसाळलं आणि पोर्फिरियोच्या शेताकडं निघालं.